दोन नळ्यांचं एकमत : जुनी दुनळी रायफल घेण्याआधी

कराडजवळच्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे. फलटणकडच्या एका जुन्या इनामदार घरातली विलायती दुनळी रायफल, ४७० नायट्रो एक्सप्रेस या मोठ्या बोअरची, विकायची आहे. बागायतदारांकडे लायसन्स आहे, त्यावर एक बारा बोअर आहे आणि दुसऱ्या हत्याराची जागा रिकामी आहे. विकणारे म्हणतात, "पणजोबांनी चार-पाच गोळ्या झाडल्या असतील, नव्यासारखी आहे." सात-आठ फोटो पाठवलेत आणि विचारलंय, "काका, घेऊ का? बघायला जाताना नेमकं काय बघू?"

फोटोंवरून एवढंच सांगतो की दस्त्याचं लाकूड सुरेख आहे. बाकी काही फोटोत दिसत नसतं. साताऱ्यात शस्त्रदुरुस्तीच्या कामात माझी चाळीस वर्षं गेली. बारा बोअर किती हाताखालून गेल्या त्याचा हिशेब नाही, पण दुनळी रायफली तीसेक असतील. त्यातल्या ज्या नव्यासारख्या दिसत होत्या त्यांनीच जास्त दमवलं.

बारा बोअर तपासायची सवय असलेला माणूस इथे फसतो, म्हणून आधी हे समजून घ्या. छऱ्याच्या दुनळीत दोन नळ्या साधारण एका दिशेला असल्या की भागतं, छरे पसरतातच. रायफलीच्या दोन नळ्यांतून सुटलेल्या दोन गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्या लागतात. नुसत्या समांतर बसवून ते जमत नाही. उजवी नळी सुटली की धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे वळते, आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ते वळणं सुरूही झालेलं असतं. म्हणून नळ्या तोंडाशी किंचित आत वळवून जोडतात. कारागीर तोंडाशी पाचर घालतो, कथलाने झाळतो, गोळ्या झाडून बघतो, पुन्हा तापवून पाचर केसभर सरकवतो, पुन्हा झाडतो. ठरलेल्या वजनाच्या गोळीला आणि ठरलेल्या दारूला दोन्ही नळ्यांचं एकमत झालं की ते काम संपतं. किंमत मोजायची ती या एकमताची. ते मोडलं असेल तर तुमच्या हातात एकाच दस्त्यावर भांडणाऱ्या दोन रायफली उरतात, आणि ते पुन्हा जुळवणारा हात आपल्याकडे शोधून सापडत नाही. मलाही ते येत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते नीट नसतील तर फलटणपर्यंत जाऊच नका. रायफल आज कोणाच्या लायसन्सवर आहे ते विचारा. पणजोबांच्या नावावर होती आणि ते वारले, एवढ्यावर नातवाला ती विकता येत नाही. वारसाने आधी ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावाचं बघायला हवं. खासगी मालक विकत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाने आलेलंही त्यातच धरतात, म्हणजे ही घेतलीत की तुमची जागा संपली. "शंभर वर्षं जुनी आहे, लायसन्स लागत नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दुरुस्त करूनही जे झाडता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला कायदा सोडतो, आणि ही तर झाडायला म्हणूनच विकतायत. बोअर ४७० आहे हे मात्र बरं. अशाच जुन्या घरांतून ३०३ च्या दुनळ्या निघतात, त्या प्रतिबंधित बोअरमध्ये जातात आणि साध्या लायसन्सवर घेता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष रायफल. गेल्यावर पहिला चहा घ्या, पण रायफल पेटीतून बाहेर काढायला त्याआधीच सांगा. चामडी पेटीत ठेवली असेल तर मनात एक खूण करून ठेवा. चामडं ओल धरतं, आणि कमावताना त्यात मुरलेला टॅनिनचा अंश लोखंडाला चावतो. पेटी कितीही राजेशाही दिसली तरी ती प्रवासापुरती असते. चार पावसाळे पेटीत काढलेल्या रायफलीचा पेटीकडचा अंग गंजलेला आणि वरचा लखलखीत, असं मी पाटणकडच्या एका वाड्यात पाहिलंय. हत्यार मधल्या काळात कुठे होतं तेही विचारा. निवडणूक आली की हत्यारं जमा होतात, मालक परत न्यायला विसरतो, आणि ठाण्याच्या कोठडीत एक सबंध पावसाळा निघून जातो.

रिकामी असल्याची खात्री स्वतः करा, दोन्ही नळ्यांत बोट घालून. मग पुढचा लाकडी फोरेंड काढायला लावा आणि तो बाजूला ठेवून नळ्या पुन्हा जोडून बंद करा. फोरेंड जागेवर असला की सांधा दाबून धरतो आणि खेळ लपतो. आता दस्त्याच्या मानेला धरून रायफल हलकेच झटका. खडखड ऐकू आली किंवा तळव्याला जाणवली, तर सांध्याचा खिळा किंवा त्यात अडकणारा नळ्यांखालचा हूक झिजलाय. मग बंद नळ्या आणि मागची भिंत यांच्यामधली फट उजेडासमोर धरून बघा. मोटारमेकॅनिककडचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं, न्या. सगळ्यांत पातळ पानही आत शिरता कामा नये. माझ्याकडे रायफल आली तर मी रॉकेलच्या चिमणीची काजळी नळ्यांच्या मागच्या तोंडावर धरतो, बंद करून उघडतो आणि भिंतीवर ठसा कुठे उमटला ते बघतो. दोन पूर्ण वर्तुळं आली तर काम चोख. अर्धचंद्र आला तर नळ्या एका बाजूनेच टेकतायत.

नळ्या उघडायची वरची कळ बंद झाल्यावर कुठे थांबते तेही बघा. नव्या रायफलीत ती मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे राहते, झिजत जाईल तशी मध्ये येते आणि मग डावीकडे जाते. मध्ये आली तर घाबरू नका, डावीकडे गेली असेल तर किंमत पाडा. पण कळ उजवीकडे आहे आणि सांधा घट्ट आहे एवढ्यावर भुलूही नका. हूक हातोडीने ठोकून पसरवला की महिना-दोन महिने सगळं घट्ट बसतं. हुकाच्या आतल्या वक्र भागावर टॉर्च मारा. तिथे पंचचे टिंब किंवा ठोकल्याचे चपटे डाग दिसले, तर ती घट्टाई विकण्यापुरती केलेली आहे. खरी दुरुस्ती म्हणजे मोठ्या मापाचा नवा खिळा बसवणं, नाहीतर हुकावर धातू चढवून पुन्हा कानशीने जुळवणं.

यानंतर नळ्या वेगळ्या करा. तुम्ही नळ्यांच्या आत बघायला उतावीळ असाल, पण मी आधी बाहेरून ऐकतो. खालच्या हुकाला जाड दोरा बांधून नळ्या मोकळ्या लोंबकळत ठेवा आणि बोटाच्या सांध्याने टिचकी मारा. स्वच्छ, थोडा लांबणारा नाद यायला हवा. बारा बोअरच्या पातळ नळ्या घंटेसारख्या वाजतात, रायफलीच्या जाड नळ्यांचा नाद त्याहून आखूड असतो, पण भदाडा नसतो. फुटक्या माठासारखा आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलीय. हे कानाने ओळखायला मी मिरजेत शिकलो. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तसल्याच एका कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने भोपळ्यावर टिचकी मारून मला सांगितलं होतं, "ह्यात भेग कुठं हाय ते डोळ्याला नाय घावायचं." नळीचंही तसंच असतं.

शंका आली तर पट्टीच्या कडेने पातळ तेलाची बारीक रेघ सोडा, पाच मिनिटं थांबा, पुसा आणि पट्टीवर अंगठा दाबत पुढे चला. जिथून तेल परत बाहेर येतं तिथे झाळ सुटलीय. पट्टी सुटली म्हणजे आत पाणी गेलं, आत गंज आहे, आणि पट्टी पुन्हा झाळताना दोन्ही नळ्या तापणार. मघाशी म्हटलेलं एकमत तिथेच धोक्यात येतं. पट्टी सुटलेली ४७० मला कोणी निम्म्या किमतीत दिली तरी मी घेणार नाही.

इथेच तुमच्या फोटोंबद्दल माझी मुख्य शंका आहे. नळ्यांचा रंग मला फार काळा आणि फार चकचकीत वाटतो. जुन्या विलायती नळ्यांचा काळपट निळा रंग गंज चढवून, उकळून, घासून, पुन्हा गंज चढवून आणलेला असतो, त्याची झाक मऊ असते. आजकाल कॉस्टिकच्या उकळत्या क्षारांत बुडवून तासाभरात काळं करतात. एकनळीला ते चालतं. दुनळीत ते क्षार पट्टीखाली शिरतात, कथलाची झाळ खातात आणि आतच बसून राहतात. वर्ष-दोन वर्षांनी पट्टीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा तांबूस ओघळ दिसायला लागतात. तुमच्या रायफलीच्या पट्टीची कड भिंगातून नीट बघा. नळ्यांवरची अक्षरं बोथट झालीत का, स्क्रूंच्या खाचा फाटल्यात का, हेही बघा. चांगल्या विलायती हत्यारात स्क्रूंच्या सगळ्या खाचा नळीच्या दिशेत उभ्या असतात. आडव्यातिडव्या असल्या तर कोणाचा तरी पेचकस आत जाऊन आलाय.

रंगावरून माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका गिऱ्हाइकासाठी मी एक दुनळी पास केली. तिच्या लोखंडी बॉडीवर सुंदर निळे-तांबडे ढग होते, नव्या हत्यारावर असतात तसे. मला वाटलं, रंग टिकलाय म्हणजे वापर नाही. प्रत्यक्षात कोणीतरी नुसत्या ज्योतीने तापवून तो रंग आणला होता, आणि त्या तापण्याने बॉडीचा वरचा कडक थर मऊ पडला होता. वीसेक गोळ्यांत सांधा ढिला झाला. पैसे मी भरून दिले आणि तेव्हापासून ताज्या रंगाच्या बॉडीवर अदृश्य कोपऱ्यात बारीक कानस फिरवून बघितल्याशिवाय मत देत नाही. कानस घसरली पाहिजे. तुम्ही हे करू नका, मालक चिडतील. माझ्याकडे आणा.

आता नळ्यांच्या आत. आधी कोरडी चिंधी ओढा, मग सॉल्व्हंटची, मग पुन्हा कोरडी. विकणारे आत ग्रीस भरून ठेवतात आणि ग्रीसखाली खड्डे दिसत नाहीत. मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा हल्ली सहज मिळतो, ४७० च्या जवळपास १२ मिलिमीटरच्या नळीत तो आरामात जातो. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) जिथे संपतो आणि आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पीळदार खाचा) सुरू होतात तिथे सगळ्यांत जास्त वेळ घालवा. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, मिठाचाच भाऊबंद. तेलाने ते जात नाही, गरम पाण्याने धुतलं तरच जातं. पणजोबांनी शिकारीहून आल्यावर तेल लावून रायफल ठेवली असेल तर ते मीठ आत राहिलं आणि आपल्या पावसाने बाकीचं केलं. म्हणून "फक्त चार-पाच गोळ्या झाडल्या" हे मला भूषण वाटत नाही. शंभर गोळ्या झाडून दरवेळी धुतलेली नळी बरी.

आट्यांच्या कडा तोंडाशी धारदार आहेत का बघा. मग नळी खिडकीकडे धरून सावकाश फिरवा. आत एखादी काळी कडी दिसली आणि ती नळीबरोबर फिरत नसेल, तर तिथे नळी फुगलेली आहे. बाहेरूनही तिरप्या उजेडात नळी निरखा. आतल्या आट्यांची पीळदार सावली बाहेरच्या पृष्ठभागावर उमटलेली दिसली, तर पातळ नळीतून फार कडक गोळ्या मारल्या गेल्यात. अशी रायफल सोडून द्या.

नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर प्रूफचे, म्हणजे नळी चाचणीत टिकल्याचे, ठसे असतात, तिथे वेळ काढून बसा. लंडनचा नायट्रोचा, म्हणजे बिनधुराच्या दारूचा, ठसा म्हणजे तलवार धरलेला हात आणि खाली एनपी, बर्मिंगहॅमचा म्हणजे एनपीवर मुकुट. १९०४ नंतरच्या रायफलींवर बहुतेक वेळा दारू आणि गोळीचं वजनही ठोकलेलं असतं. ४७० असेल तर कॉर्डाइट (त्या काळची बिनधुराची दारू) ७५ ग्रेन, गोळी ५०० ग्रेन. हे आकडे जुळले नाहीत तर नळीची काहीतरी कथा आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० च्या रायफली बंद केल्या, कारण त्या मापाच्या गोळ्या मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकांसाठी बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती. ४७० आणि ४६५ ही बोअरं त्या बंदीमुळेच आपल्याकडे रुजली. त्या गडबडीत काही जुन्या नळ्या पुन्हा पोखरून घेतल्या गेल्या, म्हणून ठसे आणि प्रत्यक्ष माप ताडून बघावं लागतं. नरम शिशाची गोळी नळीतून ठोकून काढून ती मायक्रोमीटरने मोजतात. ते काम माझं.

ठशांचा दुसरा उपयोग जिवाशी संबंधित आहे. तुमची ४७० असल्याने तुम्हाला तो धोका कमी, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. ५०० बोअरमध्ये काळ्या दारूची, तीन इंची काडतुसाची जुनी रायफल आणि नायट्रोची, तीन इंची काडतुसाची रायफल, दोन्हींचं काडतूस एकाच मापाचं. नायट्रोचं काडतूस काळ्या दारूच्या नळीत निमूट बसतं. चाप ओढल्यावर काय होईल ते त्या नळीच्या नशिबावर. नायट्रोचा ठसा नसेल तर ती भिंतीवर लावायची वस्तू.

नावाला किती किंमत द्यायची? नळ्यांवर कलकत्त्याच्या मॅन्टन किंवा रोडा या दुकानांचं नाव असेल तर लक्षात घ्या की त्या दुकानांनी बराचसा माल बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून करून घेतलेला असे. माल चांगलाच असे, पण लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडच्या भावाने घ्यायचा नसतो. (रोडा म्हणजे तीच कंपनी, जिची माऊझर पिस्तुलं १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी कलकत्त्यात पळवली.) हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स किंवा रिग्बी असेल तर अनुक्रमांक कळवून त्यांच्या जुन्या वह्यांतली नोंद मागवता येते. नळ्या, बॉडी आणि फोरेंड या तिन्हींवरचा क्रमांक एकच हवा. कोरीवकाम, वाघाचं चित्र, सोन्याची पट्टी याबद्दल मला विचारू नका, त्याने गोळी सरळ जात नाही.

दस्ता पटकन बघून होतो. मागच्या लोखंडी शेपटीच्या टोकाला आणि मानेवर केसासारखी चीर आहे का बघा, अंगठ्याने दाबल्यावर लाकडातून तेल पाझरतं का बघा. ही रायफल उभी करून ठेवत आले असतील तर वर्षानुवर्षांचं तेल उतरून लाकूड मऊ झालेलं असतं.

लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, तपासताना मात्र घाई नको. नुसता चाप ओढून खटखट करायची नाही, डमी काडतुसं घालूनच. दोन्ही बाजू चढवा, पुढचा चाप ओढा आणि दुसरी बाजू जागेवर राहिली का बघा. मग रबरी चटईवर दस्त्याचं बूड जरा जोराने आपटा. चढवलेली बाजू स्वतःहून पडली तर रायफल एकावेळी दोन्ही बार काढणार. पाच किलोची रायफल असली तरी ४७० चे दोन बार एकदम खांद्यावर घेणं म्हणजे गळ्याच्या हाडाशी खेळ. हा दोष दुरुस्त होतो, पण किंमत त्याप्रमाणे ठरवा.

हे सगळं पार पडलं तरी व्यवहार पुरा करण्याआधी झाडून बघायचं, आणि ते परवानगीच्या रेंजवर, गावच्या माळावर नाही. पन्नास यार्डांवर चार गोळ्या : उजवी, डावी, मग नळ्या निवू द्या, पुन्हा उजवी, डावी. फोरेंड वाळूच्या पिशवीवर टेकवू नका, पिशवीवर हात आणि हातात फोरेंड. चारही गोळ्या पसरलेल्या तळव्यात मावल्या तर माझ्या मते रायफल उत्तम. उजवी उजवीकडे आणि डावी डावीकडे लांब पडत असतील तर दारू मंद पडतेय. एकमेकींना ओलांडत असतील तर दारू जास्त वेगाची आहे. दोन्हींत काडतूस बदलून आधी बघायचं, नळ्यांना दोष नंतर.

आणि काडतूस कुठलं, हा तुमचा खरा प्रश्न असायला हवा. कायनॉक या विलायती कंपनीची जुनी काडतुसं घरात शिल्लक असतील तर ती दाखवायला ठेवा. मान फुटलेली पितळी कवचं आणि उशिरा पेटणारी दारू यांत मजा नाही. बार लगेच झाला नाही तर रायफल पूर्ण मिनिटभर समोर धरून ठेवायची, उघडायची नाही. त्याच नावाने काडतुसं १९९० च्या दशकापासून विलायतेत पुन्हा बनतात, पण ती आपल्यापर्यंत येणं परवाने, आयात आणि विक्रेत्याच्या मर्जीवर आहे. घेण्याआधी विक्रेत्याकडून निदान वीस काडतुसांचा शब्द घ्या. परवान्याशिवाय घरी भरायच्या भानगडीत पडू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की उसात रानडुकरं येतात, त्यालाही उपयोग होईल. नाही होणार. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते ते वेगळंच, पण गव्याला थांबवायला बनवलेली गोळी उसाच्या फडात सोडली तर ती डुकरातून निघून कोणाच्या वस्तीवर जाईल सांगता येत नाही. जुनी कारागिरी जपायची हौस असेल तर घ्या, राखणीसाठी घेऊ नका.

फलटणला जाण्याआधी साताऱ्यात उतरून माझ्याकडून ४७० ची डमी काडतुसं घेऊन जा, बाजारात मिळत नाहीत, मी लेथवर पितळेची करून घेतलीत. परत मात्र आणून द्या. आधीची जोडी एकांनी मिरजेला नेली ती तिकडेच राहिलीय.